मला अल्सर नव्हता

सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझं वजन किती होतं, किती झालं, मी एका बैठकीत किती खायचो, यातला एकही आकडा पुढे येणार नाही. मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमनी बजावलंय. म्हणाल्या, "काका, लिहा, पण आकडे लिहू नका. हा आजार असलेला माणूस दुसऱ्याचा आकडा वाचतो आणि त्याच्याशी शर्यत लावतो." मी मान हलवली, कारण मीही तेच केलं असतं. ज्याने बावीस वर्षं आकडे लिहिण्याचाच पगार घेतला त्याला आकड्यांशिवाय लिहायला लावणं ही एक शिक्षाच आहे. पण ती मला लागू आहे.

मी सुधाकर. मारेगावजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर असतो. कापसाची गाडी आली की भरलेली मोजायची, कापूस उतरवून परत निघाली की रिकामी मोजायची, वजाबाकी करून पावती फाडायची. लोक मला काटाबाबू म्हणतात. वय अठ्ठेचाळीस. घरी बायको वंदना आणि अकरावीत शिकणारी ऋतुजा.

माझ्या आजाराचं नाव बुलिमिया. आवरता येणार नाही इतकं खायचं, मग घाबरून आणि लाजून ते ओकून टाकायचं, मग उपाशी राहायचं, आणि उपाशी राहिलं की पुन्हा तसंच खायचं. हा आजार शहरातल्या बारीक पोरींना होतो, आरशासमोर तासभर उभ्या राहणाऱ्यांना होतो, अशी माझी पक्की समजूत होती. मी आरशात फक्त मिशी कातरायला बघतो. पोट पुढे, टक्कल मागे, अशा माणसाला असला नाजूक आजार होतो हे मला डॉक्टरांनी सांगितल्यावरही थोडं विनोदीच वाटलं होतं. पाच वर्षं मी तो लपवला. त्या पाच वर्षांत जे केलं त्यातलं ओकणं हे सगळ्यात लाजिरवाणं नव्हतं. सगळ्यात लाजिरवाणं पुढे येईल. मी टाळाटाळ करतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

अर्धी गाठ

आमचे बाबा हमाल होते. मला शिकायला वणीच्या वसतिगृहात ठेवलं. तिथे पंगत बसायची आणि ज्याचं ताट आधी रिकामं त्याला वाढप्या आधी परत वाढायचा. शेवटच्यापर्यंत भाजी पुरेलच असं नव्हतं. मी न चावता गिळायला तिथे शिकलो. अभ्यासात नाही, पण यात मी पहिला यायचो.

पुढे लग्नाकार्यात हेच माझं नाव झालं. मामा मला पंगतीत मधोमध बसवायचे आणि पाहुण्यांना बोलवायचे, "या बापा, पाहा आमचा सुध्या जिलेबी कसा खाते ते!" लोक गोळा व्हायचे. मीही खायचो. त्यांचं ते प्रेमच होतं, आजही मी तसंच म्हणेन. माझ्या मामांनी लहानपणी भूक पाहिली होती आणि भाचा पोटभर जेवतो याचा त्यांना अभिमान होता. मला तेव्हा एवढंच कळलं की मी खाल्लं की माणसं खूश होतात.

नंतर पोट सुटलं. गंमत करणारे तेच, फक्त आता गंमत वेगळी. पाच वर्षांपूर्वी हंगामाच्या तोंडावर जिनिंगमधला कापसाच्या दाबलेल्या गाठी मोजायचा लहान काटा दुरुस्त केला होता. तो बरोबर आहे की नाही हे बघायला हमाल एकेक करून त्यावर उभे राहत होते. आमचे फिटर रफीकभाई मला म्हणाले, "काटाबाबू, आप भी आ जाओ. काँटा टूटा तो समझेंगे, दुरुस्ती कच्ची थी."

मी उभा राहिलो. आकडा आला. मागून एक हमाल ओरडला, "अबे, हे तं अर्धी गाठ हाय!"

सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो. वरून म्हणालो, "दुसरी अर्धी घरी ठेवली हाय, उद्या आनतो." आयुष्यभर माझी हीच युक्ती. स्वतःवर आपणच आधी विनोद करून टाकायचा म्हणजे दुसऱ्याला कष्ट पडत नाहीत. (गाठीचं वजन ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपा करून गणित करू नये.) नाव मात्र चिकटलं. महिन्याभरात भाजीवालीने वंदनाला विचारलं, "अर्ध्या गाठीच्या घरच्या का तुमी?" वंदना घरी येऊन ते सांगताना हसली नाही. मी हसलो.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांच्या आधी कामावर जाऊ लागलो. त्या लहान काट्यावर उभा राहायचो आणि जुन्या पावतीच्या पाठीवर लिहायचो, 'रिकामा'. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा, 'भरलेला'. माझ्या धंद्याने मला एकच गोष्ट शिकवली होती, गाडी फाटकाबाहेर पडताना रिकामीच पाहिजे. ती मी स्वतःला लावली. जिनाच्या यंत्रांचा आवाज एवढा असतो की मागच्या संडासात कोणी काय करतं हे शेजारच्यालाही ऐकू येत नाही. जास्त सांगत नाही. तिथून सुरुवात झाली.

माझं खोटं शील

आम्ही बौद्ध. आमच्याकडे वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, काही उपासक-उपासिका पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे आठ नियम, पाळतात. त्यात दुपारनंतर जेवायचं नसतं. माझी आई पाळायची. तिचं मन खरोखर त्या दिवशी शांत असायचं, चेहऱ्यावर दिसायचं.

मी तेच शील उचललं आणि माझ्या सोयीने वाढवलं. आधी पौर्णिमा, मग अष्टमी, मग दर रविवार, मग वर्षावास संपला तरी चालूच. वंदनाला सांगायचो, "मन स्थिर होते." मन कुठलं स्थिर! डोक्यात फक्त बसस्टँडवरचे आलूबोंडे फिरायचे. सकाळचं शील दुसऱ्या दिवशी दुपारी मोडायचं, ते असं मोडायचं की ठेल्यावरचा माणूस विचारायचा, "बाबू, पाहुणे आले का ऑफिसात?" मी म्हणायचो, "हो ना बापा, लय आले." सगळे पाहुणे मीच.

विहारातल्या मंडळींना माझं कौतुक वाटलं. एका पौर्णिमेला मला पुढे बसवून बुद्धवंदना घ्यायला लावली. मी पुढे बसून त्रिशरण म्हणत होतो, मागे पन्नासेक माणसं म्हणत होती, आणि दुपारी खाल्लेलं मी कुठे टाकून आलो होतो हे मला एकट्याला माहीत होतं. त्या दिवसानंतर मी विहारात मागच्या रांगेत बसू लागलो. लोक म्हणाले, बघा किती नम्र आहे.

गाल आणि दात

या आजाराची एक चेष्टा अशी की त्याने माझी तब्येत सुधारल्यासारखी दिसत होती. सारख्या उलट्यांनी गालाजवळच्या ग्रंथी सुजतात. माझे गाल टपोरे झाले. "काटाबाबू, भल्ला तजेला आला चेहऱ्यावर," असं एका शेतकऱ्याने म्हटलं. मी त्याचेही आभार मानले.

खरं पकडलं ते दातांनी. थंड पाणी लागलं की दात झिणझिणायचे. वणीला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. एक तरुण मुलगी, माझ्या ऋतूपेक्षा फार मोठी नसेल. तिने आरसा आत घालून बराच वेळ बघितलं. मग मदतनीस बाईंना बाहेर पाठवलं आणि दार लोटलं.

"काका, तुम्हाला उलट्या होतात का?"

"ॲसिडिटी आहे."

"होतात की करता?"

विचारता विचारता तिने आरसा पुन्हा आत घातला होता, त्यामुळे उत्तर न देण्याचं कारण हाताशी होतं. तिने आरसा काढून घेतला. तेही कारण गेलं.

"दात मागच्या बाजूने झिजलेत, काका. आंबट खाणाऱ्यांचे पुढून झिजतात. मी कोणाला सांगणार नाही. पण तुम्ही कोणाला तरी सांगा."

मी फी दिली, आभार मानले आणि परत तिकडे गेलो नाही. दुखणारे दोन दात मी मारेगावातच उपटून घेतले. दात उपटणाऱ्याने काही विचारलं नाही, म्हणून तो मला चांगला डॉक्टर वाटला.

पडलो तो दिवस

गेल्या हंगामातली गोष्ट. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. सकाळपासून पायात गोळे येत होते, छातीत मधूनच एक ठोका चुकल्यासारखा व्हायचा. मी एका गाडीचं वजन लिहिलं आणि खुर्चीतून उठलो एवढंच आठवतं. नंतरचं रफीकभाईंनी सांगितलं. मी काट्याच्या पत्र्यावर आडवा पडलो आणि मागच्या गाडीवाला ओरडला, "काटाबाबूले उचला, माझ्या गाडीत याचं वजन धरसान!"

हे ऐकून दवाखान्यात मी हसलो होतो. हसताना छातीला लावलेल्या तारा हलल्या आणि नर्स रागावली.

मारेगावहून यवतमाळला मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवलं. तिथे कळलं की रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय आणि त्याने हृदयाचे ठोके चुकतायत. आणखी थोडा उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं, हे डॉक्टर वंदनासमोर साध्या आवाजात बोलले. वंदनाने पलंगाची लोखंडी दांडी धरली. मी छताकडे बघत होतो. मला मरणाची भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगतो, त्याआधी एक सेकंद मला भीती वाटली ती पकडले जाण्याची.

"उलट्या, जुलाब, कसलं औषध?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सर."

वंदना म्हणाली, "यायले पोटाचा त्रास हाय सर. जेवले का भडभडते यायले. लय वर्षापासून."

बिचारी. तिने मला पाठीशी घातलं, आणि काय पाठीशी घालतोय हे तिला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आल्या. स्टूल ओढून बसल्या. वंदनाला म्हणाल्या, "ताई, तुम्ही चहा पिऊन या, चांगला अर्धा तास." ती गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "मी मानसोपचार विभागातून आलेय. तुमच्या पोटॅशियमने आम्हाला सांगितलंय. आता तुम्ही सांगा."

मी एक विनोद करायला तोंड उघडलं. माझ्याकडे नेहमी एखादा तयार असतो. त्या दिवशी निघालाच नाही. निघालं ते रडणं. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने नातवाला सांगितलं, "पाहू नको तिकडे." त्या म्हाताऱ्याचे उपकार मी विसरणार नाही.

मावशी

आजार कसा होतो हे मॅडमनी मला समजावलं ते असं. एका कारणाने होत नाही. काहींच्या अंगातच तो कल असतो. त्यात लहानपणी जेवणाची लागलेली सवय, लोकांचे टोमणे, मनातलं बोलता न येणं, असं एकावर एक बसत जातं. मला एक गोष्ट मात्र आरपार लागली. माझा समज होता की मी हावरा आहे, म्हणून मला उपास करावा लागतो. त्या म्हणाल्या, "उलटं आहे. तुम्ही उपाशी राहता, म्हणून शरीर असं तुटून पडतं. कोणाचंही पडेल." पाच वर्षं मी स्वतःला दिलेली शिवी एका वाक्यात चुकीची निघाली. आनंद व्हायला हवा होता. मला आधी शरमच वाटली, की एवढं साधं कळलं नाही.

वॉर्डात नियम होता. जेवण झालं की तासभर मला संडासाकडे जाऊ द्यायचं नाही. पहाऱ्यावर वॉर्डातली मावशी. मी पाय खाली टाकला की तिचा आवाज, "काका, कुठं निघाली स्वारी?"

"पाय मोकळे करतो."

"पाय पलंगावरच मोकळे होतेत. बसा."

मग ती समोर बसून सुनेच्या गोष्टी सांगायची. एवढ्या लांब आणि एवढ्या बिनशेवटाच्या की तास निघून जायचा. ओकायची उबळ येते तशीच जाते, फक्त तेवढा वेळ कोणीतरी सोबत पाहिजे, हे मला तिच्या सुनेने शिकवलं. तिची माझी भेट नाही, पण मी तिच्या बाजूने आहे.

वंदनाने विचारलं, "ही बाई तुमाले काहून उठू देत नाही?"

मी म्हणालो, "अल्सर आहे. हललं की त्रास होतो."

हो. इथे बोललो. 'अल्सर' हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा त्या क्षणी निघाला. मॅडम म्हणाल्या होत्या, घरच्यांना कळायला हवं, पण ते तुम्ही सांगायचं, मी नाही. मी म्हणालो, थोडा वेळ द्या. आणि त्या वेळाचं मी हे केलं.

लोहारा

आता ते. जे टाळत होतो ते.

सुट्टी झाल्यावर आठवडाभर यवतमाळच्या जवळ राहा असं सांगितलं होतं. माझी मोठी बहीण लोहाऱ्याला राहते, जिजाजी तिथल्या एका कारखान्यात आहेत. तिच्याकडे गेलो. ताईने लहानपणी मला कडेवर वाढवलं. तिला माझ्यासाठी रागवायला कोणीतरी हवं होतं. आम्ही पोचून पाणी प्यायलो नाही तोच ती वंदनाकडे वळली.

"मी तं पहिलेच म्हनत होतो. तुह्या भाजीवर तेल पाहिलं का कसं तरंगते? तिखट तं असं टाकतं जसं काही वैर हाय. जाळलं ना माह्या भावाचं पोट!"

वंदना पिशवीतून माझ्या गोळ्या काढत होती. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. फक्त बघितलं, की मी काही म्हणतो का.

मी पंख्याकडे बघितलं आणि म्हणालो, "ताई, पाणी दे अजून."

झालं. एवढंच. मी मारलं नाही, शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. माझ्या बायकोवर माझा आजार ढकलला जात होता आणि मी पाणी मागितलं. वंदना हळूच म्हणाली, "चुकलंच बाई माझं."

तिच्या हातातला दोष

घरी आल्यावर वंदनाने मिरचीचा डबा माळ्यावर टाकला. फिकं वरण, फिका भात, उकडलेला दुधी. मला वेगळं आणि त्यांना वेगळं असंही नाही. तीही तेच खायची, ऋतूलाही तेच. ऋतू कुरकुरायची, "आई, मले काय झालं हाय? मले तरी तिखट दे!" वंदना म्हणायची, "बाबापुढे कसं खासान?"

मी दर पंधरा दिवसांनी यवतमाळला जायचो, 'अल्सरच्या गोळ्या' आणायला. मानसोपचाराच्या बाकावर एकदा मारेगावचा एक ओळखीचा माणूस भेटला. आम्ही दोघांनी एकमेकांना बघितलं. तो म्हणाला, "डोळे तपासाले आलो बापा." मी म्हणालो, "मी पण." मग आम्ही दोघं शेजारी बसून डोळ्यांबद्दल बोललो. त्याचा नंबर पुकारला, तो आत गेला, आणि जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेला.

मॅडम दर वेळी विचारायच्या, "घरी सांगितलं?" मी दर वेळी सांगायचो, "पुढच्या वेळी नक्की." आणि त्या फिक्या वरणावरही अधूनमधून तेच करायचो.

मग एक दिवस कामावरून घरी आलो तर स्वयंपाकघरात ऋतू भाकरी थापत होती. वाकड्यातिकड्या. वंदना मागच्या पायरीवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, काहीच न करता. वीस वर्षांत मी तिला रिकाम्या हातांनी बसलेलं बघितलं नव्हतं.

"काय झालं? बरं नाही का?"

"बरं हाय. आता ऋतूच करन स्वयंपाक."

"काहून?"

"एवढं फिकं करून राह्यलो तरी तुमाले भडभडते. मले कळते ना आवाज. मंग भाजीत दोष नसन. माह्या हातातच असन."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. आत ऋतू भाकरी उलटताना हाश-हुश करत होती. आणि मी सांगितलं. अल्सर नाही इथपासून. जिनाच्या मागचं, ठेल्यावरचं, शील, दात, मावशी, सगळं. तिच्याकडे न बघता, अंगणातल्या बादलीकडे बघत.

ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. तिने विचारलं, "ऋतूच्या दहावीच्या निकालाले रोडगे केलते. ते?"

"हो."

"बुद्ध पौर्णिमेची खीर?"

"हो."

"तुमची आई गेली तेव्हा, पुण्यानुमोदनाले मी एकटीनं पिठलं केलतं एवढ्या लोकाईचं. ते पण?"

मला खोटं बोलता आलं असतं. जीभ सवयीने तयार होती.

"ते पण," मी म्हणालो.

ती एकेक जेवण आठवून विचारत गेली. मी हो म्हणत गेलो. डॉक्टरांनी छातीवर लावलेल्या तारांनी जे दिसलं नसेल ते मला त्या पायरीवर दिसलं. मी अन्न टाकत नव्हतो. तिचे सगळे दिवस टाकत होतो.

शेवटी ती उठली आणि पदर खोचला. "मले लोहाऱ्याले घेऊन चला," म्हणाली. "जे मले सांगतलं ते तिथं सांगा. माह्यासमोर."

पुन्हा लोहारा

रविवारी गेलो. जिजाजी, ताई, वंदना, ऋतू, सगळ्यांसमोर सांगितलं. इथे तरी मी विनोद केला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही केला.

ताईला आधी समजलंच नाही. मग समजलं. "बोटं घालून? मुद्दाम?" ती म्हणाली. "अरे, बाबा पाठीवर पोते वाहून तुले वसतिगृहात पैसे पोचवत होते रे. आन् तू अन्न..." जिजाजी म्हणाले, "अव, आजार हाय तो. डॉक्टर म्हनून राह्यली ना." ताई म्हणाली, "तुमी गप बसा." ते बसले.

मी एवढंच म्हणालो, "ताई, वंदनाच्या हातात काही दोष नव्हता. तू बोलली तेव्हा मी तिथंच होतो. मी बोलायला पाहिजे होतं."

ताईने माफी वगैरे मागितली नाही. तिच्या स्वभावात नाही ते, आणि मागायची होती ती मी. पण जेवायला बसल्यावर तिने हिरव्या मिरचीच्या ठेच्याची वाटी उचलली आणि वंदनाच्या ताटाशी ठेवली. "घे व," म्हणाली. "दोन महिने फिकं खाल्लं म्हने तुनं." वंदनाने ठेचा घेतला. डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं असावं असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

ज्यांना लागू असेल त्यांना

उपदेश करायची माझी लायकी नाही. तरी दोन-चार गोष्टी. हा आजार पुरुषाला होतो, जाड्याला होतो, खेड्यात होतो. दिसण्यावरून ओळखू येत नाही. तो दात, घसा, हृदय सगळं खातो, आणि एक दिवस अचानक जीव घेऊ शकतो. दातांच्या डॉक्टरने दार लोटून विचारलं तर तिला खरं सांगा. सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथल्या बाकावर बसल्याने कोणी मरत नाही. तुमच्या घरी कोणी जेवून लगेच उठत असेल तर त्याला रागावू नका, शेजारी बसून सुनेच्या गोष्टी सांगा. आणि कोणाच्या अंगावरून गंमत करून तो सगळ्यांत मोठ्याने हसला, तर त्याला ती आवडली असं समजू नका.

गेल्या महिन्यात

हे सगळं लिहून झाल्यावर 'आणि मी बरा झालो' असं लिहिणार होतो. वंदनाने वाचलं असतं, म्हणून नाही लिहिलं.

गेल्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, बरेच दिवस नीट गेल्यावर, मी पुन्हा केलं. कारण काही मोठं नव्हतं. कामावरून फोन आला होता, दोन शब्द लागले होते. न्हाणीतून बाहेर आलो, तोंड धुतलं. इतकी वर्षं पुढची पायरी ठरलेली होती, चेहरा पुसायचा आणि काहीतरी मजेशीर बोलत बाहेर यायचं.

वंदना अंगणात सूप घेऊन तूर निवडत होती.

"आज झालं," मी म्हणालो.

"काय झालं?"

"तेच."

तिचा हात सुपात थांबला. तिने वर बघितलं. तिचा चेहरा पडला, ते मी बघितलं, तोंड फिरवलं नाही.

"मले तं आवाज नाही आला," ती म्हणाली. "नळ चालू होता."

"हो. नसतं सांगितलं तं समजलं नसतं तुले."

मग सरकून तिने चटईवर जागा केली. "बसा. खडे दिसतेत का चष्म्याबिगर?"

"नाही."

"तं चष्मा आना."

चष्मा आणला. आम्ही तूर निवडली. मी निवडलेली तिने पुन्हा एकदा निवडली, कारण चष्मा लावूनही माझ्याकडून खडे सुटतातच. उठताना ती म्हणाली, "सांजेच्याले जेवा लागन. आजच्यापाई उपाशी राहाचं नाही. मॅडमनं काय सांगतलं?"

"जेवतो," मी म्हणालो.

संध्याकाळी तिने ताट केलं. तिघं बसलो. मला लाज वाटत होती, इतकी की मान वर होत नव्हती. लाजेसकट जेवलो, आणि जेवण झाल्यावर तिथेच बसून राहिलो.